घंटीचा हात

शनिवारी दुपारी आई बोईसरच्या बाजारातून मासळी विकून परतली तेव्हा मांडवात सगळे जमले होते. बाबा त्यांच्या खुर्चीवर, गुडघ्यांत जेंबे, तो हातांनी वाजवायचा आफ्रिकी ढोल, धरून. त्यांच्या दोन बाजूंना माझा भाऊ धर्मेश आणि पथकातला भाग्येश, त्यांचेही जेंबे उन्हात तापवून आणलेले. धाकट्या आणि थोरल्या ढोलांवरची फडकी निघाली होती आणि कारखान्यातली पाळी संपवून आलेली दोन मुलं त्यांच्यामागे उभी होती. मधल्या ढोलावरचं फडकं तसंच होतं. ते आईनेच काढायचं असा नियम नव्हता. दुसऱ्या कुणाला ते सुचत नसे, इतकंच.

तिने रिकामी पाटी दाराशी उपडी टाकली आणि लिंबाच्या फोडीने हात चोळून धुतले.

"घाई कसली लागलीय तुमाला? वरात दारात आलीय काय?" ती म्हणाली. "बाजारातून आलेल्या माणसाला पाणी तरी विचारा."

भाग्येशने पाणी आणलं. ते तिने उभ्यानेच प्यायलं, पदर खोचला आणि फडकं काढलं.

मी उंबऱ्यावर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. पालघरहून सुट्टीच्या दिवशी आले की माझी जागा तीच. आत ढोल, बाहेर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि मांडीवर मुलांची अक्षरं.

बाबांचं जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या कोनाक्रीच्या बंदरात अडकलं आणि मालकाने खलाशांना तिथेच वाऱ्यावर सोडलं, ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला आता कंगोरे उरलेले नाहीत. बंदरामागच्या गल्लीत जेंबे बनवणारा एक म्हातारा होता. बाबा त्याच्याकडे लाकूड तासायला जाऊ लागले आणि परतताना वाजवायला शिकून आले. सामान म्हणून एक जेंबे आणला. त्याच्यासोबत लागणारे तीन ढोल मात्र इथे, आमच्या सातपाटीत झाले. लाकडाचं काम होडी बांधणाऱ्या सुताराचं, कातडी मनोरच्या बाजारातली, दोर बोटीवरचा. ते दोर आईने ओढले. खाऱ्या हवेने कातडं दोन दिवसांत सैल पडतं, मग पुन्हा गाठी मारून ओढावं लागतं. जाळं विणणाऱ्या हातांना ते जमतं, असं बाबा म्हणत. जमतं म्हणून मग ते कायमचं तिच्याकडे आलं.

मधला ढोलही तसाच तिच्याकडे आला. पथकात येणाऱ्या प्रत्येकाला जेंबे हवा असे, कारण टाळ्या जेंबेला पडतात. मधला ढोल एका जागी आडवा ठेवायचा, उजव्या हातात जाड काठी घेऊन कातड्यावर मारायची, आणि डाव्या हातातल्या लोखंडी कांडीने ढोलावर बांधलेली घंटी वाजवत राहायची. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण गाणं त्यातच असतं. थोरला ढोल त्या गाण्याला खोली देतो, धाकटा चालतं ठेवतो, आणि जेंबे त्याच्यावर बागडतात. मधला थांबला तर उरतो तो नुसता गलका. हे बाबाच शिकवत. नवीन मुलांना, पाहुण्यांना, एकदा वर्तमानपत्राच्या माणसालासुद्धा त्यांनी सांगितलं होतं, की सगळं मधल्यावर उभं आहे. सांगताना त्यांचं बोट ढोलाकडे असे. आईकडे कधी नसे. वर ते म्हणत, "तिकडे बायका हे वाजवत नाहीत. मी हिला बसवली." सोय म्हणून केलेली गोष्ट उपकारासारखी सांगता येते, हे मी फार लवकर शिकले.

त्या दिवशी वाजवायचा होता कुकू. तिकडच्या बायका मासे धरून परतल्या की हा ताल वाजायचा, असं बाबांच्या म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं. आईचा तो लाडका. "म्हंजे आमचाच की," ती म्हणायची. "पन डोक्यावर पाटी असताना त्या नाचायच्या कशा, ते नाय विचारलंत."

धर्मेशने माइक आणि लॅपटॉप आणला होता. शिरगावकडच्या रिसॉर्टांवर छोटे कार्यक्रम मिळत, तिथे तीन ढोल आणि ते वाजवणारे नेणं परवडत नव्हतं. म्हणून तिन्ही ढोल वेगवेगळे रेकॉर्ड करून ठेवायचे आणि तिथे स्पीकरवर ते लावून दोघांनी जेंबे वाजवायचे, असं त्याने ठरवलं होतं. आईची हरकत नव्हती.

"बरं होईल," ती म्हणाली. "टेम्पोत मागे बसून कंबर मोडते माझी. तुमच्या मशीनला बसवा माझ्या जागी. ती चहा पन मागनार नाय."

धाकटा आणि थोरला आधी झाले. मग तिचा. एकदा वाजवून झालं, गाडीचा हॉर्न आला म्हणून पुन्हा. नंतर धर्मेशला वाटलं की थोडं लांब हवं.

"आई, घंटी सुटतेय तुझी."

"सुटतेय तर धर जाऊन."

सगळे हसले. तिने पुन्हा सुरुवात केली आणि मध्येच थांबून म्हणाली, "हात भरून आलाय रे."

बाबा जेंबेचा दोर ओढत होते. मान वर न करता ते म्हणाले, "ढोलाचा हात. जागृती, सासूच्या हाताला तेल लाव जरा."

ढोलाचा हात हे आमच्या घरातलं दुखणं. जाड काठी तासभर चालवली की दंडापासून मनगटापर्यंत हात भरून येतो, पथकातल्या प्रत्येकाला कधी ना कधी तो झालेला. त्याला लसूण घालून कढवलेलं खोबरेल तेल. जागृती, माझी भावजय, वाटी घेऊन आली. मी पुढची उत्तरपत्रिका उघडली. थोड्या वेळाने ढोल पुन्हा सुरू झाला, ते मी ऐकलं. धर्मेश "झालं, मस्त" म्हणाला, तेही ऐकलं.

निघताना आईने मला कागदात सुका जवळा बांधून दिला. "पिशवीला वास लागंल. तुझ्या कॉलेजातली मानसं नाकं मुरडतील."

"मुरडू देत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर लिलाव सुरू व्हायच्या आधी ती एका क्रेटवर टेकली आणि उठली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, आधी हातात वगैरे कळ येत होती का? बाबा म्हणाले, "तो नेहमीचाच. ढोलाचा हात."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना ढोलातलं काय कळणार होतं?

*

सुतक असेपर्यंत चामड्याला हात लावायचा नाही. सहाही वाद्यांवर फडकी होती आणि मांडवात पहिल्यांदाच माणसं ढोलांकडे पाठ करून बसत होती. बाराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे तिथे जमले, ते उद्याचं ठरवायला.

कैलासमामा, आईचा धाकटा भाऊ, रागाने आला होता. बोट समुद्रात नेली नव्हती त्याने इतके दिवस. दारातच त्याने सांगितलं, की मधला ढोल त्याला द्यावा, तो खोल पाण्यात नेऊन सोडणार आहे.

"त्या लाकडानं माझी बाय खाल्ली," तो म्हणाला. "दिवसभर बाजारात बसायची, आल्यावर तुमी तिला बडवायला बसवायचे."

आत्याने लगेच त्याची बाजू घेतली. आत्या बाबांची मोठी बहीण, तिला ढोल कधीच आवडले नव्हते. पुरुषांच्या वाद्याला बाईने हात लावू नये, असं ती तेव्हाही म्हणाली होती आणि तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. आता ऐकतील या आशेने तिने ते दोनदा सांगितलं. मामाला बहिणीच्या कष्टांचा राग होता, आत्याला बहुधा तिच्या हौसेचा, पण दोघे एका चटईवर बसले.

धर्मेश म्हणाला, की उद्या भजन झाल्यावर पथक कुकू वाजवणार आहे. आईचा ढोल फुलांचा हार घालून मध्ये ठेवायचा, त्याच्यामागे तिचा फोटो, आणि स्पीकरवर तिचंच वाजवलेलं लावायचं. कारखान्याच्या कल्याण मंडळाचे साहेबही येणार आहेत. पुढच्या शुक्रवारी तारापूरला त्यांच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम आहे, तोही तसाच होईल.

"शुक्रवारी?" मी विचारलं.

"आधीच ठरलेला आहे, ताई. आईनेच हो म्हटलं होतं."

"स्वतः येऊन वाजवायला हो म्हटलं होतं तिने."

"मग वाजवणार कोण? तू?"

हा टोमणा नवा नव्हता. मी शिकले, पालघरला राहिले, आणि ढोलांच्या वाटेला गेले नाही. घरात माझं कौतुक समजूतदार म्हणून होतं, म्हणजे मी काही बोलत नसे. तेव्हाही इतकंच म्हणाले, की एखादं माणूस शिकवून तयार करा, तोवर कार्यक्रम घेऊ नका. मशीनवर लावून तिला कामाला जुंपू नका. शेवटचं वाक्य माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने आलं.

"जुंपू नका," आत्या म्हणाली. "भाषा बघा."

मामा मात्र माझ्याकडे वळून बसला. "पोरगी बरोबर बोलतेय. बंद करा हे सगळं."

त्या चटईवर आता आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही वेगवेगळं हवं होतं.

मग धर्मेशने फोन काढला आणि मामाच्या हातात दिला. मामाने तो कानाला लावला. आम्हाला पत्र्यावर पाऊस पडावा तसं काहीतरी बारीक ऐकू येत होतं. पुढे कधीतरी मामाने मला सांगितलं, त्याला ढोल ऐकूच आला नव्हता. सुरुवातीला आई खाकरते आणि "करू चालू?" म्हणते, तेवढंच त्याने ऐकलं. लहानपणी वल्ही हातात घेताना ती असंच विचारायची. तो खूप वेळ फोन कानाला धरून बसला. मग शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले.

"भावोजी," तो बाबांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ढोल. उद्या हेच लावा. आमची बाय हाय यात."

बाबांनी त्या सकाळी एवढ्यासाठीच तोंड उघडलं. "लावू या," ते म्हणाले. आत्यानेही निःश्वास सोडून मान डोलावली, यंत्र वाजवणार म्हणजे बाई वाजवत नाही, हे तिला पटण्यासारखं होतं. चटईवर मी एकटी उरले.

*

जागृतीला माझ्याशी बोलायचं आहे, हे मला दोन दिवस कळत होतं. ती बोईसरची, वडील कारखान्यात, घरात हिंदी-मराठीची सरमिसळ. लग्न होऊन येईपर्यंत तिने सातपाटीचं बंदर पाहिलं नव्हतं आणि ढोलातलं तर तिला अजूनही काही कळत नाही. मागच्या पडवीत आम्ही दोघी उद्याचे तांदूळ निवडत होतो.

"ताई, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"ढोलाचा हात म्हणजे कुठला?"

मी म्हणाले, उजवा. काठीचा.

तिने सुपातले खडे एका बाजूला सारले, पुन्हा सगळ्यात मिसळले. मग सांगितलं. बाबांनी सांगितल्यावर ती तेलाची वाटी घेऊन बसली आणि आईंचा उजवा हात हातात घेतला, कारण काठी तिने उजव्या हातात पाहिली होती. आई म्हणाल्या, "हा नाय गो. हा." आणि डावा पुढे केला. खांद्यापासून करंगळीपर्यंत. जागृतीला वाटलं, असेल, यांचं यांना माहीत. समोर बाबा होते, धर्मेश होता, भाग्येश होता, सगळे वाजवणारे. तिने त्यांच्यासमोरच डाव्या हाताला तेल चोळलं. कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे बरोबरच असणार.

"माझं चुकलं का, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं नाही."

डाव्या हातात कांडी असते. बोटभर जाडीची, लोखंडाची, पण घंटीवर ती नुसती टेकवायची असते, मनगटातून. धाकट्या मुलांना आधी घंटीच देतात, कारण तिला जोर लागत नाही. पथकाच्या इतक्या वर्षांत घंटीचा हात दुखतो असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. तसं दुखणंच नाही आमच्याकडे. आणि तरी आमच्या दुखण्याचं नाव इतकं तयार होतं, की ते तिच्या डाव्या हातालाही बसलं.

दुसऱ्या एखाद्या घरात, जिथे ढोल नाहीत, तिथे बाईचा डावा हात भरून आला असता तर कुणीतरी घाबरलं असतं.

मी तांदूळ निवडत राहिले. मला त्या वेळी मांडवात जाऊन हे सांगता आलं असतं. बाबा खुर्चीवर बसलेले होते, हात मांडीवर उपडे ठेवून. हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळेनासं झालं होतं. त्यांच्याकडे पाहिलं आणि मी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. समजूतदारपणाची सवय अशी लगेच सुटत नाही.

*

धर्मेशवर मला इथे अन्याय करायचा नाही. त्याला काय वाटत होतं ते त्यानेच नंतर सांगितलं, जेव्हा आम्ही पुन्हा बोलू लागलो.

कारखान्यातली नोकरी गेल्यावर पथक हेच त्याचं काम होतं. लोक लग्नात आफ्रिकेवाल्यांना बोलवत आणि नवरदेव मंडपात आला की कोळीगीत वाजवा म्हणत, त्याचं त्याला वाईट वाटे, पण तो वाजवी. आपण वडिलांसारखे वाजवत नाही हे त्याला माहीत होतं. आपण बरे वाजवतो ते खाली आई असते म्हणून, हेही माहीत होतं. चुकला तर ती घंटी जराशी मोठी वाजवी, आणि तो त्या आवाजाला धरून परत जागेवर येई. श्रोत्यांना कधी कळलं नाही. आई गेली तेव्हा त्याला पहिली काळजी वाटली ती याची, आणि तिची त्याला लाज वाटली.

शनिवारचं रेकॉर्डिंग त्याने पुरतं ऐकलं नव्हतं. हेडफोन लावायचा, "करू चालू?" यायचं, थोडा वेळ ढोल, की तो बंद करायचा. कापायचं, जोडायचं सगळं राहून गेलं होतं. शेवटची फेरी लांब होती, तीच तशीच्या तशी घेऊन त्याने स्पीकरला जोडली.

*

बाराव्याला मांडव भरला. भजन झालं, कल्याण मंडळाचे साहेब बोलायला उभे राहिले. चांगला माणूस होता, आवाजही चांगला. ते म्हणाले, वामनरावांनी परदेशातली कला आपल्या किनाऱ्यावर रुजवली, आणि जमनाबाईंनी त्यांना मोलाची साथ दिली. मग आत्याचे यजमान बोलले, तेही साथ म्हणाले. पथकाच्या वतीने भाग्येश बोलला. रडत रडत बोलला. काकूंसारखी साथ पुन्हा मिळणार नाही, असं म्हणाला.

इतका सोयीचा शब्द भाषेत दुसरा नसेल. नवरा समुद्रापलीकडे अडकला असताना बाजारात बसून घर चालवलं, ती साथ. रोज दोर ओढले, ती साथ. ज्याच्यावर सगळं उभं आहे असं शिकवलं जातं ते वाजवलं, तीही साथच. मी फोटोकडे पाहिलं. फोटोत ती जरा बाजूला पाहते आहे, पाणी विचारणारं कुणी आहे का ते बघावं तशी.

फडकी निघाली. मधल्या ढोलाला झेंडूचा हार होता, काठी आणि कांडी वर आडव्या ठेवल्या होत्या. बाबांनी जेंबे गुडघ्यांत घेतला. धर्मेशने कळ दाबली.

"करू चालू?" आई म्हणाली.

बायकांमधून हुंदका फुटला. मग घंटी आली, तिच्याखाली ढोल, आणि धाकटा नि थोरला धावत येऊन त्याला मिळाले. तिघांचे जेंबे त्याच्यावर पडले. मला कबूल केलं पाहिजे, ते सुंदर होतं. मामा डोळे मिटून डोलत होता. साहेब पायाने ताल धरत होते. आई खरंच तिथे होती, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. एवढी माणसं तिच्यावर उभी होती आणि तिला आता कुणाला काही सांगता येणार नव्हतं.

आमच्या वाजवण्यात थांबायची एक रीत आहे. पुढचा जेंबेवाला एक ठरलेला तुकडा वाजवतो. आम्ही त्याला हाक म्हणतो. हाक ऐकली की सगळे एकदम थांबतात, एका हातासारखे. बाबांची हाक तिन्हीसांजेच्या भोंग्यासारखी स्वच्छ असे आणि ती न ऐकणाऱ्याला पथकात जागा नसे.

बाबांनी हाक दिली. जेंबे थांबले, धाकटा थांबला, थोरला थांबला.

मधला चालू राहिला.

क्षणभर कुणाला काय झालं ते कळलं नाही. हार घातलेला ढोल मध्ये, त्याच्यावर कुणाचा हात नाही, आणि तो वाजतोय. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा हाक दिली, जोराने. ते सवयीने झालं असावं. ढोल थांबला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला आणि तसाच ठेवला.

धर्मेश लॅपटॉपकडे वाकला.

"बंद करू नकोस," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून तो थबकला. आता मांडवात फक्त आई होती. काठी आणि घंटी, काठी आणि घंटी. मग घंटी एके ठिकाणी चुकली. पुन्हा लागली. पुढच्या फेरीत दोन ठिकाणी चुकली. मागून धर्मेशचा शनिवारचा आवाज आला, "आई, घंटी," आणि ती काही म्हणाली नाही. घंटी हळू झाली, नुसती कांडी टेकल्यासारखी, आणि नंतर आलीच नाही. ढोल मात्र चालू होता. उजवा हात एकटा, एक ठोकाही न सोडता, बराच वेळ. मग त्याने ताल पुरा केला आणि थांबला. स्पीकरमधला धर्मेश म्हणाला, "झालं, मस्त."

समोरचा धर्मेश खाली बसला.

पथकातल्या प्रत्येकाला कळलं होतं. ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. भाग्येश स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहत होता. साहेबांना काहीच कळलं नव्हतं आणि ते टाळ्या वाजवाव्यात की नाहीत या विचारात होते. आत्या म्हणाली, "काय झालं? मशीन बिघडली काय?"

बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले, "थकली होती ती. मी तेल लावायला सांगितलं होतं."

"कुठल्या हाताला?" मी विचारलं.

"ढोलाच्या."

"तिने डावा पुढे केला होता, बाबा. जागृतीने डाव्याला लावलं. तुमच्या समोर."

"उन्नती," मामा म्हणाला, "आज नको पोरी. मानसं हायेत."

"माणसं आहेत म्हणूनच, मामा. सगळ्यांनी साथ साथ म्हटलं ना, त्यांनी हेही ऐकू दे." माझा आवाज वर्गात बोलते तसाच, सगळ्यांना पोचेल एवढा होता. "घंटीचा हात कधी दुखत नाही. हे साहेबांना माहीत नसेल. डॉक्टरांना नव्हतं. जागृतीला नव्हतं. या मांडवात वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घंटी सुटतेय हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत, आणि ती नीट वाजव म्हणालात. मी उंबऱ्यावर होते, मीही मान वर केली नाही. ती सगळ्यांचं ऐकत बसायची, कोण चुकतोय, कोण मागे पडतोय. तुमची एक हाक तिने कधी चुकवली नाही. आणि ती म्हणाली हात भरून आलाय, तेव्हा आपल्याकडे उत्तर तयार होतं."

बाबांचे हात जेंबेवरून घसरून मांडीवर आले.

मी मधल्या ढोलापाशी गेले आणि त्याच्यावरचा हार काढला. कांडी खाली पडू नये म्हणून हातात घेतली. काही वजन नव्हतं तिला.

"कुठला हात, जमना? एवढंच विचारायचं होतं, बाबा. वर बघून. कुठला हात?"